बदलापूर प्रकरण: पोलिसांना कळवण्याचं कर्तव्य नेमकं कुणाचं?

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूर पूर्वेतल्या एका शाळेत शिशुवर्गातल्या दोन मुलींवर शाळेच्याच स्वच्छतागृहात लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. दोघींचं वय चार वर्षांच्या आसपास. आरोपी होता कंत्राटी पद्धतीवर नेमलेला सफाई कर्मचारी, आणि तो कामावर रुजू होऊन दोन आठवडेही झाले नव्हते. तपासानुसार हा प्रकार १२ आणि १३ ऑगस्टचा. पालक पोलीस ठाण्यात गेले ते १६ ऑगस्टला, आणि तिथे गुन्हा दाखल होईपर्यंत त्यांना दहा-बारा तास ताटकळत बसावं लागलं. १७ ऑगस्टला आरोपीला अटक झाली. २० ऑगस्टला बदलापूरकर शाळेसमोर जमले, मग रेल्वे रुळांवर उतरले आणि दिवसभर लोकल गाड्या थांबल्या.

या प्रकरणातलं पुढचं बरंचसं सगळ्यांना माहीत आहे. पोलीस महानिरीक्षक आरती सिंह यांच्या नेतृत्वाखाली विशेष तपास पथक नेमलं गेलं, बदलापूरचे काही पोलीस निलंबित झाले, आणि २३ सप्टेंबरला तळोजा तुरुंगातून ताबा घेऊन नेताना आरोपी मुंब्रा बायपासजवळ पोलिसांच्या गोळीने मारला गेला. त्या गोळीबारावर स्वतंत्र चौकशी झाली, उच्च न्यायालयात आणि सर्वोच्च न्यायालयात वाद झाले. तो विषय मोठा आहे आणि गंभीर आहे. पण त्याच्या गदारोळात याच प्रकरणातला दुसरा धागा मागे पडला. माझ्या मते पालकांच्या आणि शिक्षकांच्या रोजच्या जगण्याशी त्याचाच जास्त संबंध आहे. अत्याचार करणारा एक होता. पण मुलींनी घरी सांगितल्यानंतर, पालक शाळेत गेल्यानंतर, ही गोष्ट ज्या ज्या मोठ्या माणसांच्या कानावर गेली त्यांनी कायद्याने काय करायला हवं होतं?

कायद्याचं उत्तर स्पष्ट आहे. पोलिसांना सांगायला हवं होतं, ताबडतोब, आणि प्रत्येकाने.

कायदा काय म्हणतो

आपल्याकडे सर्वसाधारण समजूत अशी की गुन्हा पाहिला किंवा कानावर आला तर पोलिसांना सांगणं हा चांगुलपणा आहे, बंधन नाही. ही समजूत अर्धीच खरी आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३९ होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३३ झालं. काही ठरावीक गुन्ह्यांची माहिती असलेल्या प्रत्येक व्यक्तीने ती जवळच्या दंडाधिकाऱ्याला किंवा पोलिसांना दिलीच पाहिजे, असं ते सांगतं. त्या यादीत खून आहे, दरोडा आहे, खंडणीसाठी अपहरण आहे, घरफोडीचे प्रकार आहेत, अन्नातली भेसळ आहे, दहशतवादी कृत्यही आहे. न कळवण्याला वाजवी कारण होतं असं म्हणायचं असेल, तर ते सिद्ध करण्याची जबाबदारी गप्प राहिलेल्या माणसावर. आणि कळवणं बंधनकारक असताना जाणूनबुजून न कळवणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम २३९ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. जुन्या दंडसंहितेत हे कलम २०२ होतं.

ही यादी नीट वाचली की एक गोष्ट खटकते. तिच्यात बलात्कार नाही. जुन्या कलमात नव्हता, नव्या कलमातही आलेला नाही. शेजारच्या घरात दरोडा पडला हे माहीत असून गप्प बसणारा कायद्याच्या कचाट्यात येतो. शेजारच्या घरात एका सज्ञान स्त्रीवर बलात्कार झाला हे माहीत असून गप्प बसणारा या कलमाखाली येत नाही. याचं समर्थन करणारे म्हणतात की तक्रार करायची की नाही हा निर्णय त्या स्त्रीचा असायला हवा, तिच्या परवानगीशिवाय तिसऱ्याने पोलिसांत जाऊ नये. सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत हे म्हणणं मला पटतं. चार वर्षांच्या मुलीच्या बाबतीत ते लागू होत नाही. तिच्या वतीने कुणीतरी मोठ्यानेच बोलावं लागतं.

म्हणून पोक्सो कायद्याने, म्हणजे बालकांचं लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणाऱ्या २०१२ च्या कायद्याने, वेगळा रस्ता धरला. त्याचं कलम १९ कुठल्याही यादीवर अवलंबून नाही. या कायद्याखालचा गुन्हा घडल्याची माहिती असलेल्या, किंवा असा गुन्हा घडण्याची शक्यता वाटणाऱ्या कुठल्याही व्यक्तीने ती माहिती विशेष बाल पोलीस पथकाला किंवा स्थानिक पोलिसांना दिलीच पाहिजे. कुठल्याही व्यक्तीने म्हणजे शाळेच्या सेविकेने, वर्गशिक्षिकेने, रिक्षावाल्या काकांनी, तपासणाऱ्या डॉक्टरांनी, शेजाऱ्याने, आजोबांनी. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. आणि संस्थेचा प्रमुख असलेल्या व्यक्तीने आपल्या हाताखालच्या माणसाच्या बाबतीत हे केलं नाही तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. मुलांना मात्र यातून वगळलं आहे. सोबतच्या मैत्रिणीने सांगितलं नाही म्हणून तिच्यावर खटला भरता येत नाही.

या कलमातल्या दोन शब्दयोजना पुन्हा पुन्हा वाचाव्यात अशा आहेत. घडून गेलेल्या गुन्ह्यासाठी कायदा ‘माहिती’ असण्याची अट घालतो. पण पुढे घडू शकणाऱ्या गुन्ह्यासाठी नुसती ‘भीती’, शक्यता वाटणं, एवढंच पुरेसं आहे. शाळेतल्या प्रसंगात हा फरक निर्णायक ठरतो. समजा एका मुलीच्या आईने येऊन सांगितलं की स्वच्छतागृहातल्या दादाने आपल्या मुलीला त्रास दिला. मुख्याध्यापिकांना वाटलं, मुलगी लहान आहे, काहीतरी गैरसमज असेल, खात्री नाही. ठीक आहे, कालच्या घटनेबद्दल त्यांची खात्री नसेल. पण तो माणूस उद्या पुन्हा त्याच स्वच्छतागृहात काम करणार आहे आणि तिथे आणखी चाळीस लहान मुली जाणार आहेत. उद्याच्या बाबतीत शंका पुरते. खात्री झाल्यावर कळवू, ही भूमिका कलम १९ च्या भाषेतच बसत नाही.

आधी आपण चौकशी करू

बदलापूरच्या शाळेत आत नेमकं कुणाला काय आणि कधी सांगितलं गेलं, हे ठरवणं न्यायालयाचं काम आहे आणि तिथल्या विश्वस्तांवरचे आरोप हे अजून आरोपच आहेत. पण अशा वेळी शाळा-संस्थांमध्ये काय घडतं त्याची चाल ओळखीची आहे. सेविका वर्गशिक्षिकेला सांगते. वर्गशिक्षिका मुख्याध्यापिकांना. मुख्याध्यापिका सचिवांना फोन लावतात, सचिव अध्यक्षांना. संध्याकाळी बैठक होते. कुणीतरी म्हणतं, आधी आपण आपल्या पातळीवर चौकशी करू. कुणीतरी म्हणतं, पन्नास वर्षांची संस्था आहे, नाव खराब होईल. पालकांना सांगितलं जातं, ताई, तुमच्याच मुलीचं नाव होईल, तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे. आणि आपल्याकडे शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे वाक्य लहानपणापासून सगळ्यांनी ऐकलेलं असतंच.

या साखळीतला प्रत्येक जण मनाशी म्हणतो, मी वर सांगितलं, माझं काम झालं. कायद्याच्या दृष्टीने ते झालेलं नसतं. कलम १९ मध्ये ‘वरिष्ठांना कळवावे’ असं कुठेही नाही. माहिती द्यायची ती पोलिसांना. ज्या क्षणी सेविकेला कळलं त्या क्षणी तिच्यावर एक कर्तव्य आलं, वर्गशिक्षिकेवर दुसरं, मुख्याध्यापिकांवर तिसरं. साखळी वर गेल्याने खालच्याचं ओझं उतरत नाही. हे कठोर वाटतं, विशेषतः आठ-दहा हजार रुपयांवर राबणाऱ्या सेविकेच्या बाबतीत, जिची नोकरी त्याच सचिवांच्या हातात असते. मला यात अन्याय दिसतो, आणि त्यावर उपाय तिला सूट देण्यात आहे असं मात्र वाटत नाही. उपाय कळवणाऱ्याचं रक्षण करण्यात आहे. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर कुठलीही दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येणार नाही एवढं पोक्सोच्या कलम १९ च्या शेवटच्या उपकलमात म्हटलं आहे. पण नोकरी गेली तर काय, याबद्दल तिथे एक अक्षर नाही. रस्त्यावरच्या अपघातात मदत करणाऱ्यांसाठी २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४ अ आलं आणि त्यांना नाव-गाव सांगण्याची सक्ती होणार नाही अशी तरतूद झाली. शाळेतल्या सेविकेला तेवढंही संरक्षण मिळालेलं नाही.

संस्थेने केलेली अंतर्गत चौकशी आणखी एका कारणाने घातक असते. चार वर्षांच्या मुलीला वर्गशिक्षिका विचारणार, मग मुख्याध्यापिका, मग विश्वस्तांसमोर पुन्हा. प्रत्येक वेळी प्रश्न थोडे बदलतात, मुलीचं उत्तर थोडं बदलतं. पुढे खटल्यात बचाव पक्षाचा वकील या प्रत्येक फरकावर बोट ठेवतो. दरम्यान कॅमेऱ्याचं चित्रण पुसलं जाऊ शकतं. बदलापूरच्या शाळेतलं १५ दिवसांचं सीसीटीव्ही चित्रण उपलब्ध नसल्याचं तत्कालीन शालेय शिक्षणमंत्री दीपक केसरकर यांनीच सांगितलं होतं. ते का नव्हतं हे तपासाने ठरावं. पण लगेच पोलिसांकडे जाण्याचा आग्रह कायदा का धरतो, ते यातून कळतं.

उच्च न्यायालयातला प्रश्न

२२ ऑगस्ट २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती रेवती मोहिते-डेरे आणि न्यायमूर्ती पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. त्या सुनावणीतला एक प्रश्न थेट आपल्या विषयाचा होता. मुलींनी शाळेला सांगितलं होतं का, आणि सांगितलं असेल तर शाळेने पोलिसांना कळवलं का? नाही कळवलं, तर शाळेवर पोक्सोखाली गुन्हा का नाही? महाधिवक्ता बीरेंद्र सराफ यांना ही बाब मान्य करावी लागली, आणि पालकांची फिर्याद आल्या क्षणीच शाळा प्रशासनावरही गुन्हा नोंदवायला हवा होता, असं न्यायालयाने सुनावलं. दुसऱ्या मुलीचा जबाबही तोपर्यंत नीट नोंदवलेला नव्हता; त्याबद्दलही खंडपीठाने पोलिसांना धारेवर धरलं.

त्यानंतर शाळेच्या व्यवस्थापनावर कलम १९ आणि २१ ची कारवाई सुरू झाली. पुढचे काही आठवडे संबंधित विश्वस्त पोलिसांना सापडले नाहीत. त्यांनी अटकपूर्व जामिनासाठी अर्ज केला. १ ऑक्टोबरला न्यायमूर्ती आर. एन. लढ्ढा यांनी तो फेटाळला. अधिकाराच्या जागेवर असूनही आणि घटनेची माहिती असूनही अर्जदारांनी तत्काळ पोलिसांना कळवलं नाही असं प्रथमदर्शनी दिसतं, हा त्या आदेशाचा गाभा होता. दुसऱ्याच दिवशी कर्जतजवळून त्यांना अटक झाली. नंतर त्यांना जामीन मिळाला.

इथे एक बाब सहज निसटते. शाळेवरची कारवाई सुरू झाली ती न्यायालयाने विचारल्यावर, आणि न्यायालयाने विचारलं ते हजारो माणसं रुळांवर उतरल्यावर. ज्या गावात रेल्वे नाही, जिथल्या बातमीला मुंबईच्या वाहिन्यांची गाडी पोहोचत नाही, तिथे कलम २१ कोण वापरणार?

राजुऱ्याची आठवण

तशा गावातलं एक प्रकरण उच्च आणि सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेलं आहे, आणि बदलापूरवर बोलताना ते बाजूला ठेवून चालणार नाही. चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुरा. २०१९ मध्ये तिथल्या एका शाळेच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींवरच्या अत्याचाराचा गुन्हा नोंदवला गेला. तपासात १७ अल्पवयीन मुलींवर अत्याचार झाल्याचं पुढे आलं. वसतिगृहातल्या मुलींवर उपचार करण्यासाठी नेमलेल्या एका डॉक्टरांवर आरोप ठेवला गेला की त्यांना हे माहीत होतं आणि त्यांनी पोलिसांना कळवलं नाही. नागपूर खंडपीठाने एप्रिल २०२१ मध्ये त्यांच्यापुरता गुन्हा आणि दोषारोपपत्र रद्द केलं. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं.

२ नोव्हेंबर २०२२ ला न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती सी. टी. रविकुमार यांनी उच्च न्यायालयाचा आदेश रद्द केला. पोक्सोखालच्या गुन्ह्याची तत्पर आणि योग्य माहिती देणं अत्यंत महत्त्वाचं आहे आणि ती न देणं कायद्याच्या हेतूलाच हरताळ फासणारं आहे, असं त्यांनी लिहिलं. माहीत असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे आणि बऱ्याचदा तो अत्याचाऱ्यांना पाठीशी घालण्याचा प्रयत्न असतो, असंही. डॉक्टरांना खरंच माहीत होतं की नव्हतं, हे मुलींचे जबाब, वैद्यकीय पुरावा आणि उलटतपासणी यांतून खटल्यातच ठरेल. पोलिसांसमोरचे जबाब वाचून सुरुवातीलाच प्रकरण मिटवता येणार नाही, हा त्या निकालाचा कायदेशीर मुद्दा.

त्याच्या उलट बाजूचा निकालही ध्यानात ठेवायला हवा. १ ऑगस्ट २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात डॉक्टरांना आरोपमुक्त केलं होतं. तिथे प्रसूतीसाठी आणलेल्या मुलीचं वय कागदावर सज्ञान लिहिलेलं होतं. कलम १९ माहिती असलेल्यावर कर्तव्य टाकतं, माहिती खोदून काढण्याचं कर्तव्य टाकत नाही, असं तिथे न्यायालयाने म्हटलं. हे दोन निकाल एकमेकांच्या विरोधात नाहीत. केरळमध्ये प्रश्न होता की डॉक्टरांना कुणी काही सांगितलंच नव्हतं, तर त्यांनी शोध घ्यायला हवा होता का. राजुऱ्यात आरोप असा होता की त्यांना सांगितलं गेलं होतं. बदलापूर या दुसऱ्या प्रकारात मोडतं. पालक स्वतः शाळेत गेले होते. तिथे काही खोदून काढायचं उरलंच नव्हतं.

महाराष्ट्रातूनच गेलेल्या आणखी एका खटल्यात, २०१३ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने याहून पुढचं वाक्य लिहिलं होतं. अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळूनही जो कुणी ते पोलिसांना सांगत नाही तो गुन्हेगाराला शिक्षेपासून लपवतो आहे, असं तिथे म्हटलं आहे. हे शाळा, वसतिगृहं, दवाखाने आणि हॉटेलं यांना उद्देशून दिलेल्या सूचनांमध्ये होतं. दहा वर्षांनंतरही त्या सूचना शाळांच्या भिंतीवर लागलेल्या दिसत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. अग्निशमन यंत्राची सूचना लावतात, माहिती अधिकाराचा फलक लावतात, मग हीच का नाही?

शिक्षणाधिकारी म्हणजे पोलीस नव्हेत

बदलापूरनंतर शासनाने घाईने निर्णय काढले. शाळांत सीसीटीव्ही, कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी, तक्रारपेटी, विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीच्या, २०२२ पासून कागदावर असलेल्या सखी सावित्री समित्यांची अंमलबजावणी. त्यातच एक अट अशी की अनुचित प्रकार घडला तर शाळेने २४ तासांच्या आत शिक्षणाधिकाऱ्यांना कळवावं. उच्च न्यायालयाच्या पुढाकाराने निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्यासह एक समितीही नेमली गेली.

शिक्षणाधिकाऱ्यांना कळवणं चांगलंच. पण शाळेने हा कागद पाठवला आणि आपलं कर्तव्य संपलं असं समजली, तर कलम १९ तसंच मोडलेलं राहतं. शिक्षणाधिकारी गुन्हा नोंदवू शकत नाहीत, आरोपीला ताब्यात घेऊ शकत नाहीत, मुलीची वैद्यकीय तपासणी लावू शकत नाहीत. योगायोगाने, मुंब्र्यात आरोपी मारला गेला त्याच दिवशी, २३ सप्टेंबर २०२४ ला, सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या अश्लील चित्रणाबद्दलच्या खटल्यात समाजमाध्यम कंपन्यांना हाच मुद्दा सांगितला. परदेशातल्या संस्थेला कळवून भागणार नाही, कलम १९ आणि २० प्रमाणे स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पथकाला कळवावंच लागेल. जो नियम अब्जावधींच्या कंपन्यांना लागू तो बदलापूरच्या शाळेलाही लागू.

आणि मग पोलिसांचं काय? या प्रकरणात पालक स्वतः ठाण्यात गेले आणि तिथे तासन्‌तास बसले. कलम २१ ज्या वाक्याने गप्प राहणाऱ्याला शिक्षा सांगतं, त्याच वाक्यात माहिती मिळूनही ती न नोंदवणाऱ्यालाही सांगतं. भारतीय न्याय संहितेच्या कलम १९९ मध्ये तर बलात्काराची खबर न नोंदवणाऱ्या लोकसेवकाला सहा महिने ते दोन वर्षांची सक्तमजुरी आहे. निलंबन ही खात्यातली कारवाई झाली. ही कलमं त्याच्याही पलीकडची आहेत. नागरिकाने सांगितलंच पाहिजे असा आग्रह धरणाऱ्या राज्याने ठाण्याच्या दारात त्याला दहा तास बसवलं, तर पुढच्या वेळी कुणी सांगायला येईल ही अपेक्षा कशाच्या बळावर करायची? लोक गप्प बसतात त्याचं मोठं कारण मला इथेच दिसतं. दरवेळी लोकांना भ्याड म्हणून चालणार नाही. बऱ्याच जणांनी ठाण्याचा अनुभव घेतलेला असतो.

सक्तीच्या कर्तव्याची एक खरी अडचणही आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. सतरा वर्षांची मुलगी आपल्या मर्जीच्या नात्यातून गरोदर राहिली आणि डॉक्टरांकडे आली, तर कलम १९ प्रमाणे डॉक्टरांनी पोलिसांना कळवायचं. परिणाम असा की ती डॉक्टरांकडे जातच नाही, एखाद्या भोंदूकडे जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताच्या बाबतीत यातून एक वाट काढली. मुलीने आणि तिच्या पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांनी कळवताना तिची ओळख उघड करण्याची गरज नाही. ही वाट योग्य आहे. पण तिचा हवाला देऊन चार वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात कळवण्याच्या सक्तीवर शंका घेणाऱ्यांशी मी सहमत होऊ शकत नाही. दोन प्रश्न वेगळे आहेत.

खटल्यात पुढे काय अडू शकतं

बदलापूरच्या विश्वस्तांवरच्या प्रकरणात दोन कायदेशीर गाठी आहेत. पहिली, आरोपी कंत्राटी होता. संस्थाप्रमुखासाठीची एक वर्षाची शिक्षा ‘हाताखालच्या व्यक्ती’च्या बाबतीत आहे, कंत्राटदाराचा माणूस आमच्या हाताखाली नव्हताच, असा बचाव होऊ शकतो. तो टिकू नये असं मला वाटतं, कारण कलमातला शब्द नियंत्रणाचा आहे, पगारपत्रकाचा नाही. तो माणूस शाळेच्या आवारात, शाळेच्या वेळात, शाळेने सांगितलेलं काम करत होता. आणि हा बचाव टिकला तरी ‘कुठलीही व्यक्ती’ म्हणून सहा महिन्यांच्या शिक्षेचं उपकलम उरतंच.

दुसरी गाठ जास्त घट्ट आहे. मुख्य आरोपी मेल्यामुळे त्याच्यावरचा खटला संपला. जुन्या कलम २०२ बद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये म्हटलं होतं की माहिती दडवल्याचा आरोप सिद्ध करायचा तर आधी मूळ गुन्हा घडला हे सिद्ध व्हावं लागतं. तोच निकष पोक्सोच्या कलम २१ ला लावायचा म्हटलं तर, ज्याच्यावर खटलाच चालला नाही त्याचा गुन्हा सिद्ध झाला असं कसं म्हणायचं? माझं मत असं की गुन्हा घडला हे सिद्ध करणं आणि विशिष्ट माणूस दोषी ठरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खुनी सापडला नाही म्हणून खून झालाच नाही असं होत नाही. शिवाय पोक्सोच्या कलम ३० प्रमाणे या कायद्याखालच्या खटल्यात आरोपीची मनोवस्था न्यायालयाने गृहीत धरायची असते, आणि मनोवस्थेच्या व्याख्येत ‘माहिती असणं’ही येतं, माहीत नव्हतं हे दाखवण्याचा भार आरोपीवर जातो. पण गृहीतक माहितीपुरतंच आहे. अत्याचार झाला होता, हा पाया सरकारी पक्षाला स्वतंत्रपणे घालावा लागेल.

तो पाया म्हणजे वैद्यकीय अहवाल, पालकांची साक्ष आणि दोन लहान मुलींचे जबाब. त्यांतला दुसरा जबाब नोंदवायला पोलिसांना उच्च न्यायालयाने विचारेपर्यंत वेळ मिळाला नव्हता, आणि विश्वस्तांच्या बचावाचा वकील उलटतपासणीत सगळ्यात आधी त्याच उशिराकडे बोट दाखवेल.